मंगळवेढ्याचे दोन अंमलदार

2024 च्या जानेवारीत कर्नाटक सरकारने बसवण्णांना राज्याचे 'सांस्कृतिक नायक' म्हणून जाहीर केले आणि सरकारी कचेऱ्यांतून त्यांची तसबीर लावण्याचा आदेश निघाला. आपण उताऱ्यासाठी नाहीतर दाखल्यासाठी रांगेत उभे असतो. वर भिंतीवर बसवण्णा असतात, खाली खुर्चीत साहेब असतात. वरचे गृहस्थ स्वतः कचेरीत नोकरी केलेले होते, ही गोष्ट मात्र पटकन ध्यानात येत नाही. आपण त्यांना घोड्यावर बसलेले पाहतो, मिरवणुकीत पाहतो, वचनांतून ऐकतो. पण हा माणूस राजाच्या खजिन्याचा कारभारी होता. रोज जमाखर्च लिहायचा, हाताखालच्या लोकांकडून काम करून घ्यायचे आणि वरिष्ठांना हिशेब द्यायचा, हा त्याचा दिनक्रम होता.

मी पदवी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बी.कॉम.च्या मुलांना व्यवस्थापनाच्या पुस्तकात 'सर्व्हंट लीडरशिप' नावाचे एक प्रकरण असते. मराठीत कोणी त्याला सेवक-नेतृत्व म्हणते. दरवर्षी एखादा तरी मुलगा हसून विचारतो, "मॅडम, नोकर आणि पुढारी एकच कसा असेल?" पुस्तकातली व्याख्या मुलांना पाठ होते, पण पटत नाही. मग मी पुस्तक बाजूला ठेवते आणि त्यांना मंगळवेढ्याला घेऊन जाते. अर्थात बोलण्यातून, सहलीला परवानगी मिळवणे हे वेगळेच प्रकरण आहे.

मंगळवेढे आपल्यापैकी पुष्कळांना पंढरीच्या वाटेवरचे गाव म्हणून ठाऊक असेल. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, सोलापूर जिल्ह्यात. काळी कसदार जमीन आणि ज्वारी. तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या घरात या गावाचे महत्त्व जरा जास्तच आहे. माझे माहेर निपाणीकडचे, वडील माळकरी. सासर बैलहोंगलकडचे, घरात कन्नड. माझ्या मुलांना निपाणीच्या आजोबांनी दामाजीपंतांची गोष्ट सांगितली आणि आमच्या अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, बसवण्णांची. मुले लहान असताना दोन्ही गोष्टींची सरमिसळ करीत, कारण दोन्हींत मंगळवेढे होते, दोन्हींत धान्य होते आणि दोन्हींत राजाचा राग होता. तेव्हा आम्ही हसायचो. पुढे शिकवताना लक्षात आले की, मुलांची ती सरमिसळ अगदीच वावगी नव्हती.

बाराव्या शतकात कलचुरी बिज्जळाचा अंमल मंगळवेढ्यास होता. बागेवाडीत जन्मलेले, कूडलसंगमाला शिकलेले बसवण्णा तिथे हिशेबनिसाच्या कामावर लागले आणि वाढत वाढत भांडारापर्यंत गेले, असे परंपरा सांगते. बिज्जळ कल्याणला गादीवर आल्यावर बसवण्णाही तिकडे गेले. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पुढचा इतिहास कन्नड घरांतून सर्वांना माहीत आहे: अनुभव मंटप, शरणांचा मेळा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी. त्यातली एक साधी गोष्ट मला नोकरदाराच्या नजरेने फार महत्त्वाची वाटते. मंटप उभा राहिला बसवण्णांच्या पुढाकाराने. पण तिथल्या मुख्य आसनावर परंपरा बसवते ती अल्लमप्रभूंना. आपल्याकडे संस्था काढणारा माणूस तहहयात अध्यक्ष असतो आणि नंतर त्याचा मुलगा असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्या मंटपात कोण होते? परीट माचय्या, नावाडी चौडय्या, दोर वळणारा चंदय्या, कातडी कमावणारा कक्कय्या, मोळीविक्या मारय्या. कामाला शरणांनी 'कायक' म्हटले. कायक म्हणजे नुसता धंदा नव्हे. पोटासाठी केलेले काम आणि पूजा यांच्यामधली भिंत काढून टाकलेले काम. त्याच्या जोडीचा दुसरा शब्द 'दासोह'. कन्नड मठांत आज जेवणाच्या पंगतीला आपण दासोह म्हणतो, त्यामुळे त्याचा अर्थ अन्नदान एवढाच उरला आहे. पण शब्दाच्या पोटात 'दासोहम्' आहे, मी दास आहे. दान देणारा वर असतो, घेणारा खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला घेणाऱ्याचा दास म्हणवतो, आणि जे देतो ते त्याने स्वतःच्या कायकातून मिळवलेले असावे लागते. परक्या पैशाचा दासोह होत नाही. अमेरिकन पुस्तकातल्या 'सर्व्हंट' या शब्दावर हसणाऱ्या मुलांना मी एवढेच म्हणते की, हा शब्द तुमच्या घरी रोज जेवताना वापरतात.

बसवण्णांवर आळ आला तो नेमका याच जागी. दरबारातल्या लोकांनी बिज्जळाचे कान भरले की, हा भांडारी राजाचा खजिना शरणांच्या पंगतीत उडवतो आहे. राजाने मोजदाद करवली. पुराणांतून ही हकीकत वेगवेगळ्या रीतीने येते. काही ठिकाणी तिला चमत्काराचे रूप आहे. पण सगळीकडे शेवट एकच, खजिना भरला तो भरलेलाच होता. मला चमत्काराचा भाग नको आहे. ज्याच्या घरी रोज एवढे लोक जेवत होते, त्या माणसाने सरकारी पैशाला हात लावलेला नव्हता, ही श्रद्धा लोकांनी आठशे वर्षे जपली, हे मला पुरेसे आहे. दयाळू साहेब आणि चोख हिशेब या दोन गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत, असे आपल्या कचेऱ्यांतून मानतात. दयाळू म्हणजे ढिला आणि चोख म्हणजे खडूस, अशी वाटणी झालेली आहे. शरणांनी ती वाटणी मानली नाही.

आता लक्कम्माची गोष्ट. आमच्या अत्ती ही गोष्ट सांगत तेव्हा हातातले निवडण बाजूला ठेवीत, म्हणजे काही विशेष येत आहे हे मुलांना कळे. मारय्या नावाचे दोन शरण होते. एक मोळीविक्या, तो वर आला. दुसरा आयदक्की मारय्या. 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. तो आणि त्याची बायको लक्कम्मा रायचूरकडच्या अमरेश्वराहून कल्याणला आलेले. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्याचे कायक. वेचलेले तांदूळ घरी आणायचे, शिजवायचे, जंगमांना वाढायचे आणि उरेल ते आपण खायचे. एके दिवशी बसवण्णांना वाटले, हा गरीब भक्त, याला थोडे जास्त मिळू द्यावे. त्यांनी अंगणात मुद्दाम जास्त तांदूळ सांडायला लावले. मारय्या भरली झोळी घेऊन घरी आला. लक्कम्माने झोळी पाहिली आणि विचारले, आज एवढे कसे? हे तुमच्या मनातले की बसवण्णांच्या मनातले? आपल्याला रोज लागते तेवढेच आपले. जास्तीचे होते तिथे टाकून या. आणि मारय्या तो जास्तीचा तांदूळ परत टाकून आला.

ही गोष्ट बहुतेक जण निर्लोभीपणाची गोष्ट म्हणून सांगतात. ती तशी आहेच. पण मी ती बसवण्णांच्या बाजूने वाचते. राज्याचा भांडारी, ज्याच्या करुणेबद्दल कोणाला शंका नाही, तो एका वेचणाऱ्याला थोडे जास्त देऊ पाहतो आणि त्या वेचणाऱ्याची बायको त्याला थांबवते. ती म्हणते त्याचा अर्थ असा की, आमच्या कामाला काम राहू द्या, त्याची भीक करू नका. तांदूळ वेचणे हे कायक होते तोवर मारय्या आणि बसवण्णा एका पातळीवर होते. मुद्दाम सांडलेला तांदूळ वेचायचा म्हणजे दोघांची पातळी बदलली. लक्कम्माला ते झोळीच्या वजनावरून कळले. आणि शरणांच्या परंपरेने ही गोष्ट लपवली नाही. उलट लक्कम्माची वचने जपून ठेवली. ज्या पंथाचा नेता एका मजूर बाईकडून असा अडवला जातो आणि ती गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, तिथे नेतृत्व या शब्दाला वेगळाच अर्थ असला पाहिजे.

हरळय्याची गोष्टही याच जातीची. चांभारकाम करणाऱ्या हरळय्याने वाटेत 'शरणु' म्हटले आणि बसवण्णांनी उलट दोनदा नमस्कार केला, 'शरणु शरणार्थी'. त्या एका जास्तीच्या नमस्काराचे ओझे हरळय्याला सोसवेना आणि पुढे त्याने व त्याच्या बायकोने काय केले, ते अंगावर काटा आणणारे आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आपल्या कचेरीत शिपाई सकाळी नमस्कार करतो तेव्हा साहेब फायलीतून मान वर करतात का, एवढेच यानिमित्ताने पाहावे.

या सगळ्याची किंमत मोठी होती. मधुवरसाची मुलगी आणि हरळय्याचा मुलगा यांचे लग्न शरणांनी लावले. एक घर ब्राह्मण, दुसरे चांभार. बिज्जळाने दोन्ही वडिलांना देहान्ताची शिक्षा दिली. बसवण्णांनी पद सोडले, कल्याण सोडले आणि ते कूडलसंगमाला गेले. हा काळ साधारण 1167 चा. नेत्याच्या श्रद्धेची किंमत कधी कधी नेत्याआधी त्याच्या माणसांना द्यावी लागते, हा या इतिहासातला अवघड भाग आहे आणि मिरवणुकीत तो कोणी बोलत नाही.

आता मंगळवेढ्याचे दुसरे अंमलदार. सुमारे तीनशे वर्षे उलटली आहेत. राज्य बहामनी सुलतानाचे, राजधानी बिदर. म्हणजे पुन्हा मंगळवेढ्याहून बिदरकडे जाणारी वाट. दामाजीपंत मंगळवेढ्यास सुलतानाचे अधिकारी होते आणि सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. दुष्काळ पडला. महिपतीने 1762 च्या 'भक्तविजय' ग्रंथात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. महिपती स्वतः ताहराबादचा वतनदार कुलकर्णी, म्हणजे सरकारी हिशेबाची लेखणी त्याला घरचीच. त्याच्या सांगण्यात कचेरीचा बारकावा येतो तो यामुळे, असे मला वाटते.

दामाजींच्या पंगतीला पंढरपूरचा एक ब्राह्मण बसला. ताटात अन्न आले आणि त्याला रडू कोसळले, कारण घरी बायकामुले उपाशी होती. दामाजींनी त्याच्या घरी धान्य पाठवले. बातमी पंढरपुरात पसरली आणि माणसे मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागली. दामाजींनी कोठारे उघडली. हे धान्य त्यांचे नव्हते. लक्षात घ्या, बसवण्णांच्या बाबतीत खजिना भरलेला सापडला. इथे कोठार खरोखरच रिकामे झाले. हाताखालच्या मुजुमदाराने बिदरला कळवले. सुलतानाने दामाजींना पकडून आणण्याचा हुकूम दिला. वाटेत पंढरपूर आले, दामाजींनी विठोबाचे दर्शन घेतले. आणि मग ती सर्वांना ठाऊक असलेली घटना घडली. विठू महाराच्या रूपात विठोबा बिदरच्या दरबारात गेला, धान्याची किंमत मोजली आणि शिक्क्याची पावती घेतली. ती पावती दामाजींना मागाहून पोथीत सापडली.

पावती! माझे सगळे विद्यार्थी या शब्दाला हसतात आणि मग गप्प होतात. देव आला तो सुदर्शन चक्र घेऊन आला नाही, रक्कम घेऊन आला, आणि पावती घेतल्याशिवाय दरबारातून हलला नाही. आणि आला तो कोणाच्या रूपात? गावकीची कामे ज्याच्या माथी होती त्या महाराच्या. दामाजींच्या कोठाराची रक्कम अखेर गावातल्या शेवटच्या माणसाच्या हाताने भरली गेली, असे ही कथा म्हणते.

दोन वर्षांपूर्वी वर्गात यावर चांगला वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मुजुमदाराचं काय चुकलं? कोठार रिकामं झालं, त्यानं कळवलं. ऑडिटरचं कामच ते." मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "तो कळवणार हे दामाजींना माहीत नव्हतं का?" मला वाटते, सगळी गोष्ट त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. दामाजींनी धान्य चोरून वाटले नाही, खोटा हिशेब लिहिला नाही, उंदरांनी खाल्ले असे दाखवले नाही. उघड्या दाराने वाटले आणि शिक्षा येणार हे गृहीत धरले. सरकारी मालावर उदार होणे सोपे असते. आपल्या मानेवर उदार होणे अवघड. विठोबा येणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. कथेत ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण त्यांच्या धैर्याला भाव देत नाही.

आणखी एक माणूस याच मंगळवेढ्याचा आहे. तो अंमलदार नव्हता. चोखोबा. गावकुसाच्या भिंतीच्या कामावर मजूर म्हणून गेले आणि भिंत कोसळून इतरांबरोबर गाडले गेले. परंपरेने शके 1260, म्हणजे इसवी सन 1338 हे साल दिले आहे. नामदेव आले, ढिगाऱ्यातून निघालेल्या हाडांना कान लावत गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचा नाद आला ती चोखोबांची म्हणून पंढरीला नेली. त्या भिंतीच्या कामावर देखरेख कोणाची होती? कोणीतरी असणारच. कच्ची भिंत आहे हे कोणाला तरी दिसले असणारच. त्याचे नाव परंपरेने ठेवलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या करुणेबद्दल बोलताना मला बसवण्णा आणि दामाजी यांच्या मध्ये ही भिंत आठवत राहते. काळाच्या क्रमानेही ती त्या दोघांच्या मध्येच येते.

आता त्या पुस्तकातल्या प्रकरणाकडे थोडेसे. ते नाव रूढ केले रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थाने, 1970 सालच्या एका निबंधातून. हा प्राध्यापक नव्हता, ए.टी. अँड टी. या प्रचंड टेलिफोन कंपनीत त्याने जवळजवळ चाळीस वर्षे नोकरी केली होती. श्रद्धेने तो क्वेकर पंथाचा ख्रिस्ती. क्वेकरांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पाद्री नसतो, लोक शांत बसतात आणि ज्याला आतून सुचेल तो बोलतो. कल्पना सुचली ती हेर्मान हेसे या जर्मन लेखकाच्या एका कादंबरीवरून. तीत प्रवाशांचा ओझी वाहणारा नोकर नाहीसा होतो आणि सारा तांडा विस्कटतो. पुढे कळते की तो नोकरच त्या संघाचा प्रमुख होता. ग्रीनलीफने नेत्यासाठी एक कसोटी सांगितली, ती मला बिनतोड वाटते. ज्यांची तुम्ही सेवा करता ती माणसे तुमच्यामुळे अधिक स्वतंत्र, अधिक शहाणी होतात का? आणि सगळ्यांत खाली असलेल्या माणसाचे काय होते? त्याला लाभ होतो का, निदान त्याचे आणखी काही काढून तर घेतले जात नाही ना? लक्कम्माने पहिला प्रश्न विचारला होता आणि दुसरा प्रश्न मंगळवेढ्याच्या भिंतीखाली आहे.

आपल्याच काळातले उदाहरण हवे असेल तर तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामीजी. हजारो मुलांचे जेवण आणि शिक्षण त्या मठात चालते. 21 जानेवारी 2019 रोजी सकाळी, वयाच्या 111 व्या वर्षी, स्वामीजी गेले. बातमी बाहेर आली ती दुपारी. मुलांचे जेवण होईपर्यंत आपल्या मृत्यूची बातमी सांगू नका, अशी त्यांची इच्छा होती, असे तेव्हा सांगण्यात आले. आमच्या अत्ती ती बातमी वाचून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "होट्टी मोदल." पोट आधी.

हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. आपली नोकरी छोटी असते. खजिना नसतो, कोठार नसते. असलेच तर एक कपाट, एक हजेरीपट आणि एक वेळापत्रक. सुरुवातीच्या काळात मी ज्या एका संस्थेत होते, तिथे दिवाळीला सफाई करणाऱ्या बायकांना आणि आम्हा तात्पुरत्या शिक्षकांना मिठाईचा डबा द्यायचा समारंभ होई. मंच, हार, छायाचित्रकार. डबा देणारे हात कॅमेऱ्याकडे पाहत देत. त्या वर्षी तीन महिन्यांचा पगार थकला होता. झाडलोट करणाऱ्या एका मावशींनी डबा घेतला, नीट वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "पगार कोडरी, साकु." पगार द्या, पुरे. आवाजात राग नव्हता. अध्यक्ष हसले, त्यांना वाटले बाई आभार मानते आहे. मला त्या वेळी लक्कम्माची गोष्ट माहीत नव्हती, माझे लग्न व्हायचे होते. पुढे अत्तींच्या तोंडून ती ऐकली तेव्हा लक्कम्माला एक चेहरा आधीच मिळालेला होता.

गेल्या जूनपासून आमच्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. विभागात दोघे अतिथी प्राध्यापक आहेत, दोघेही माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. दरवर्षी नव्याने नेमणूक, मानधन तासिकांवर आणि तेही उशिरा. वेळापत्रक करताना रिवाज असा की, कायम असलेल्यांनी आपापले तास आधी निवडायचे. उरलेले पहिले आणि शेवटचे तास अतिथींना. एक जण खानापूरच्या पुढून येतो, दुसरी चंदगडहून. म्हणजे सकाळी आठच्या तासासाठी पहाटेची गाडी, मग मधला सगळा वेळ स्टाफरूममध्ये बसायचे आणि तीनच्या तासाला पुन्हा वर्गात. वेळापत्रकाचा कागद समोर होता. मी म्हटले, लांबून येणाऱ्यांचे तास आधी सलग लावू, मग आपले.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते रुचले नाही. "बाई, मग आम्ही वीस वर्षं कशासाठी काढली?" असे त्यांनी विचारले. प्रश्न खोटा नव्हता. तेही एके काळी असेच पहिल्या आणि शेवटच्या तासाला उभे राहिलेले आहेत. त्यांच्या हालांचा मोबदला म्हणून त्यांना आता सोयीचे तास हवे होते. ते काढून घेऊन दुसऱ्याला देणे म्हणजे त्यांच्या खिशातून मी उदार होणे. मी त्यांचे तास त्यांच्याकडेच ठेवले आणि आठचा व तीनचा माझ्या नावावर लिहिला. यात थोरवी काही नाही, माझे घर महाविद्यालयापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मधल्या वेळात घरी येऊन मी कणीक मळून जाते. महिनाभराने त्याच सरांनी सोमवारचा आठचा तास आपणहून मागून घेतला. का, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

वेळापत्रक माझ्या हातात होते, मानधन नाही. ते वरच्या कचेरीतून येते आणि तिथे बिल कुठल्या टेबलावर थांबते हे कळायला दोन-दोन फेऱ्या होतात. पहिल्यांदा ते दोघे स्वतः जात असत. 'पुढच्या आठवड्यात या' असे ऐकून परत येत. जाण्याचा दिवस म्हणजे त्यांची एक तासिका बुडाली, म्हणजे तेवढे पैसे कमी. आता बिल विभागातून माझ्या सहीने जाते, सोबत पोचपावतीची दुसरी प्रत असते आणि चौकशीला मी जाते. खिडकीवरचे गृहस्थ मला ओळखू लागले आहेत. त्यांच्या डोक्यावरही ती तसबीर आहे. त्यांचेही चुकते असे मला म्हणवत नाही. त्यांच्यासमोर पन्नास बिले असतात आणि वरून मंजुरी आलेली नसते. मागच्या खेपेला त्यांनी स्वतःहून खुर्ची दिली आणि कोणत्या शेऱ्यासाठी कागद अडतो ते समजावून सांगितले. तो शेरा आता आम्ही आधीच लिहून पाठवतो.

या महिन्याचे बिल तीन तारखेला गेले आहे. पोचपावती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, कारण आमच्या विभागाला कपाट एकच आणि त्याचे कुलूप बिघडलेले. पैसे अजून जमा झालेले नाहीत. सोमवारी आठचा तास आता माझा नाही, तेव्हा सकाळीच जाऊन यायचे ठरवले आहे.